दुसऱ्या नाकासाठी

आमच्या शहरात नळ सोडला की जे पाणी येतं, ते बरीच वर्षं माझ्या मावशीच्या नाकाखालून येत होतं. हे मी उगाच फुगवून सांगत नाहीये. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तिची नोकरीच ती होती, पाण्याचा वास घेण्याची. तिथे यंत्रं होती, रसायनं होती, पांढरे कोट घातलेली माणसं होती. पण यंत्राला न सापडलेलं कधीकधी नाकाला सापडतं, म्हणून खात्याने दोन नाकं पगारावर ठेवली होती. एक मावशीचं आणि दुसरं एका मिशीवाल्या गृहस्थांचं. मी चिडवायचे, "मावशी, पगार कशाचा गं घेतेस? श्वास घेण्याचा?" ती म्हणायची, "श्वास सगळेच घेतात. मी लक्ष देऊन घेते."

काम मोठं गमतीचं होतं. सकाळी चहासुद्धा न घेता कामावर जायचं. साबण न लावता धुतलेल्या काचेच्या चंबूत पाणी भरायचं, बूच लावायचं, चंबू कोमट पाण्यात ठेवून तापवायचा, कारण ऊब मिळाली की लपलेला वास वर येतो. मग बूच काढल्याबरोबर हुंगायचं. नंतर घोटभर तोंडात घोळवायचं आणि बाजूच्या तसराळ्यात थुंकायचं. गिळायचं कधीच नाही. वास सापडलाच तर त्यात शुद्ध पाणी घालत जायचं, वास नाहीसा होईपर्यंत. जितकं जास्त पाणी घालावं लागेल, तितका दोष मोठा. आणि सगळं ठीक असेल तर? तर काहीच करायचं नाही. चंबू उपडा घालायचा, पुढचा घ्यायचा. तोंड उघडायचं ते फक्त दोष सांगायला.

आता अशी बाई घरी आल्यावर वेगळी कशी वागेल? मावशीच्या घरात अत्तर नव्हतं, वासाचा साबण नव्हता, केसांना तेल नव्हतं. कोणी फुलं आणली तर ती दारापर्यंत येऊन परत जायची. मी शिवणकाम करते. माझं दुकान त्याच इमारतीत खाली आहे, आणि माझ्या हातांना मशीनच्या तेलाचा वास येतो म्हणून ही मला दारातच उभी करायची. "आधी हात धू, मग भाचीपणा कर." चांगलं तोंडावर सांगायची. तिच्या नाकावर माशी बसायची नाही. बसली असती तर आधी तिचाही वास घेतला गेला असता.

हे सगळं मला चालायचं, कारण मी रात्री माझ्या घरी जायचे. बिट्टीला जायला जागा नव्हती. बिट्टी म्हणजे मावशीची एकुलती एक मुलगी. लहानपणी स्टुलावर उभी राहून तिने पहिल्यांदा चहा केला, तो आईपुढे ठेवला आणि आईच्या तोंडाकडे बघत बसली. मावशीने चहा प्यायला, कप धुतला आणि उपडा घातला. "आई, कसा झाला होता?" "प्यायले ना," मावशी म्हणाली. तिच्या लेखी ही पसंतीची पावती होती. पोरीला ते कसं कळावं? पुढे बिट्टीने भाज्या केल्या, सूप केलं, केक केला. मीठ जास्त पडलं की आई लगेच बोलायची. बरोबर पडलं की घरात शांतता. अशा शांततेत वाढलेलं पोर एक तर मुकं होतं, नाही तर हट्टी. आमची बिट्टी हट्टी झाली.

आणि एका गोष्टीबाबत ती फारच हट्टी होती. तिचे वडील, म्हणजे माझे काका, जहाजावर इंजिनाच्या खोलीत काम करायचे. बिट्टी पाळण्यात असतानाच ते तापाने गेले. त्यांचे फोटो घरात होते, त्यामुळे ते दिसायचे कसे हे तिला माहीत होतं. बोलायचे कसे, हे मी नक्कल करून दाखवलं होतं. पण ही नाकवाल्या बाईची मुलगी. तिला वेगळंच हवं होतं. "आई, बाबांच्या अंगाला वास कसा यायचा?" हा प्रश्न मी तिच्या तोंडून वेगवेगळ्या वयात ऐकला आहे. प्रत्येक वेळी मावशी काहीतरी आवरायला उठायची. एकदा तर बिट्टी रडत माझ्या दुकानात आली आणि कापडाच्या ढिगावर बसून म्हणाली, "सगळ्या गावाचं पाणी हुंगते. माझ्या बापाचा वास तेवढा हिला सांगता येत नाही." मी तिला बिस्किट दिलं. दुसरं काय देणार?

काकांची एक वस्तू मात्र राखून ठेवलेली होती. फ्रान्समधली लाल वाइन, सिराह जातीच्या द्राक्षांची. बिट्टी झाल्याची तार जहाजावर पोहोचली तेव्हा तिथल्या फ्रेंच आचाऱ्याने ही बाटली काकांच्या हातात ठेवली होती. "आडवी ठेवा, अंधारात ठेवा, हलवू नका, आणि पोरगी स्वतःच्या पायावर उभी राहिली की उघडा," असं त्याने सांगितलं होतं. आमच्या घरात दारूला कोणी शिवत नाही, त्यामुळे ती उघडायचा मोह होण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता ठेवायची कुठे. काका गेल्यावर मावशीने ती प्रयोगशाळेत नेली. तिथे खाली झडपांचं भुयार आहे. माणसाच्या उंचीचे नळ, पाण्याचा घुमता आवाज, आणि कडक उन्हाळ्यातही स्वेटर आठवेल असा गारवा. भुयाराच्या टोकाला एका फळीवर, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली ती बाटली वर्षानुवर्षं आडवी पडून होती. खात्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणी हात लावत नव्हतं. बाईंच्या नाकाला घाबरत असणार.

बिट्टीने काम निवडलं तेही असं की आईने नाक मुरडावं. ती हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिरली, तिथून जेवणाच्या दालनात आली, आणि मग पाहुण्यांना कुठल्या जेवणाबरोबर कुठली वाइन घ्यावी हे सुचवायचं आणि वाढायचं काम शिकायला लागली. घरी येऊन तासन्‌तास वासांबद्दल बोलायची. यात जांभूळ आहे, त्यात ओली माती आहे. मावशी ऐकायची आणि म्हणायची, "एवढे दोष असलेली वस्तू लोक पितात कशाला?" ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. तिच्या हिशेबी चांगल्या पाण्याने माणसाला कशाचीही आठवण करून देऊ नये. पाणी प्यावं आणि विसरावं.

गेल्या वर्षी मावशी निवृत्त झाली. टॉवेलात गुंडाळलेली बाटली मांडीवर घेऊन, तान्हं मूल आणावं तशी ती बसमधून घरी आली. आणि त्याच सुमारास बिट्टीला शहरातल्या एका मोठ्या उपाहारगृहात वाइनची पूर्ण जबाबदारी मिळाली. स्वतःच्या पायावर उभी राहिली म्हणजे आणखी काय व्हायला हवं? तिने आईला फोन केला. "रविवारी येते. बाबांची बाटली उघडू. तोपर्यंत ती उभी करून ठेव, गाळ खाली बसू दे. आणि आई, हात लावू नको हं." मग तिने मलाही फोन केला. आवाज जरा घाबरल्यासारखा होता. "ताई, इतक्या वर्षांनी ती जिवंत असेल का गं? मेलेली असेल तर व्हिनेगर निघेल. पण जिवंत असली ना, तर त्यांच्या हातातून आलेलं काहीतरी मी पहिल्यांदा हुंगेन."

शुक्रवारी दुपारी मी मावशीचे पडदे शिवून वर घेऊन गेले. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात बघते तर टेबलावर चंबू मांडलेले, गॅसवर पातेल्यात पाणी, पाण्यात तापमापक, आणि बाटली उघडी. बूच मोडून दोन तुकडे होऊन बशीत पडलेलं, एका टोकाला जवळजवळ काळं झालेलं.

"मावशी! अगं, रविवारी उघडायची ना?"

"पाजायची रविवारी. तपासायची आधी," ती म्हणाली. "माझ्या हातून न तपासलेलं कधी कोणाच्या तोंडात गेलंय? आणि आता पोरीच्याच जाऊ देऊ? हे धर."

मी चंबू धरला. तिने तो पातेल्यात ठेवला, हवा तितका तापवला, बूच काढलं आणि नाक लावलं. मावशीचा चेहरा मी जन्मापासून बघतेय. तो असा उतरलेला मी पूर्वी एकदाच पाहिला होता, काका गेले तेव्हा.

"तबेला," ती म्हणाली. मग परत हुंगून, "जुनं चामडं. धूर. ओली पानं. मांस." थोडं थांबून अगदी हळू, "मिरी."

मग तिने पाणी घालायला घेतलं. चमचाभर वाइन तांब्याभर पाण्यात. वास आहे. त्यातलं थोडं आणखी तांब्याभर पाण्यात. आहे. शेवटी तिने न्हाणीघरातली बादली आणली, भरली, त्यात चमचा रिकामा केला आणि बादलीवर वाकली. केस पाण्यात पडले तरी तिचं लक्ष नाही.

"अजून येतोय," ती वर बघून म्हणाली. "सगळ्या नोकरीत इतकं हट्टी पाणी बघितलं नाही मी."

"अगं पण ते पाणी नाहीये, मावशी."

"पोटात जाणार आहे ना?" तिने केस पिळले. "इतकी वर्षं सांभाळलं गं. आणि आता पोरीने ग्लास तोंडाला लावायचा आणि तोंड वेडंवाकडं करायचं? बापाने तिच्यासाठी ठेवलेली एकुलती एक वस्तू, ती नासकी निघालेली तिला आठवत राहणार जन्मभर? त्यापेक्षा नसलेली बरी."

"रविवारपर्यंत थांब तरी. तिला विचार."

पण विचारणं तिच्या कामात बसत नव्हतं. खराब पाणी शहराकडे निघालेलं असताना कोणी कोणाला विचारत बसत नाही. आधी पाणी सोडून द्यायचं, वाद मागाहून. तिने बाटली उचलली आणि मोरीत ओतली. मोरी लाल झाली, मग विटकरी, मग नळाच्या पाण्याने स्वच्छ. तिने ती पुन्हा पुन्हा घासली. मी पडदे खुर्चीवर ठेवले आणि खाली निघून आले, कारण मला तिच्यावर ओरडायचं होतं आणि तिच्यावर ओरडण्याची आमच्याकडे कोणाला सवय नाही.

रविवारी सकाळी बिट्टी आली. कागदात गुंडाळलेले दोन उंच ग्लास, बूच काढायचा खास चिमटा, आणि डब्यात तिने स्वतः केलेलं मशरूमचं सूप. नवा सदरा घातला होता. तो मीच शिवलेला. दारातच आईच्या गळ्यात पडली आणि तिच्या खांद्यावरून तिला खिडकी दिसली.

खिडकीत बाटली होती. रिकामी, आतून बाहेरून धुतलेली, लेबल निघालेलं, उन्हात चमकत होती. तिला कसलाही, अगदी कसलाही वास उरला नसणार. मावशीचं धुणं मला माहीत आहे.

शुक्रवारी तपासली आणि ओतून टाकली, असं मावशीने सरळ सांगितलं. गोड करून सांगणं तिला जमत नाही. बिट्टी ऐकत राहिली. मग डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "सगळी?"

"तबेल्याचा वास येत होता, बाळा."

"सगळी ओतलीस?" बिट्टीचा आवाज चिरकला. "एक वस्तू होती, आई. एकच! फोटोला वास येत नाही. तू कधी सांगितलं नाहीस. मी म्हटलं जाऊ दे, एक बाटली आहे, ती उघडली की मला काहीतरी कळेल. चांगलं असो, वाईट असो, माझं मी हुंगलं असतं! तुझ्याशिवाय या घरात कोणाला नाकच नाही का?"

 बिट्टी चपला घालायला वळली. मी तिचा दंड धरला, तिने सोडवून घेतला. आणि तेवढ्यात मावशी म्हणाली, "थांब. तुझी सही राहिली."

तिने फ्रिज उघडला. मागच्या कोपऱ्यातून काळ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. फडकं सोडलं तर आत काचेच्या बुचाची छोटी बाटली. प्रयोगशाळेत असते तशी, पाव बाटली वाइन मावेल एवढी, आणि बुचाला टेकेपर्यंत भरलेली.

"नियम आहे," मावशी खाली बघत म्हणाली. "एका नाकाने काही नापास होत नाही. नमुना राखून ठेवायचा. दुसऱ्या नाकाने तपासायचा. दोघांचं पटलं तरच नापास." तिने बाटली बिट्टीकडे सरकवली. "मिशीवाले आता नाहीत. मला दुसरं नाक तूच."

मला त्या क्षणी तिचे पाय धरावेसे वाटले आणि डोक्यात टपलीही मारावीशी वाटली. शुक्रवारपासून ही बया हे फ्रिजमध्ये ठेवून बसली होती आणि एका शब्दाने बोलली नव्हती!

बिट्टी परत फिरली. बाटली उजेडाकडे धरली. "यात हवेचा बुडबुडासुद्धा नाहीये."

"नमुन्यात हवा कोण ठेवतं?" मावशीला हा अपमान वाटला.

"आई," बिट्टी खुर्चीत बसली, "हवा ठेवली असतीस तर दोन दिवसांत ही नासून गेली असती." आणि ती रडता रडता हसली. 

तिने बाटली थोडा वेळ टेबलावर तशीच राहू दिली, गारवा जाऊ दिला. मग दोन ग्लासांत ओतली, तळाचा गाळ मागे ठेवून, श्वास रोखून. रंग मधे गडद होता आणि कडेला विटेसारखा. मावशी लगेच नाक पुढे करून वाकली.

"थांब," बिट्टी म्हणाली.

"उघडल्याबरोबर हुंगायचं असतं."

"पाण्याचं. हिला जागं व्हायला वेळ द्यायचा असतो."

"गरम करू का थोडी?"

बिट्टीने आईकडे बघितलं. "शुक्रवारी गरम केली होतीस?"

"चाळीस अंशांवर," मी म्हणाले. मलाही कधीतरी चहाडी करायची संधी हवी. बिट्टीने दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग तिने बादलीबद्दल ऐकलं आणि डोकं टेबलावर ठेवलं. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. हसत होती. "बादलीत पण वास येत होता?"

"बादलीत पण," मावशी गंभीरपणे म्हणाली.

"बाबांची बाटली बादलीला पुरून उरली!"

मग आम्ही बसून राहिलो. तिघी जणी, दोन ग्लास. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली. शेवटी बिट्टीने ग्लास हलकेच फिरवला, नाक आत घातलं आणि डोळे मिटले.  मेलेली असली तर पोरगी काय करेल, मावशी काय करेल, हे मला कळत नव्हतं.

"आई, तुझे दोष सांग. एकेक."

"तबेला."

"होता. गेला. बघ."

मावशीने ग्लास घेतला, हुंगलं. पुन्हा हुंगलं. आपलं पाकीट चोरीला गेल्यासारखी ती माझ्याकडे बघायला लागली. पाण्यातला दोष आपणहून निघून जातो हे तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. "कुठे गेला?"

"उडून गेला. बाटलीत कोंडून बसला होता इतकी वर्षं. पुढे?"

"चामडं."

"आहे."

"धूर. ओली पानं."

"आहेत. छान आहेत."

"मांस."

"भाजलेलं. आहे."

"मिरी," मावशी म्हणाली.

"मिरी सगळ्यात वर आहे. सिराहची खूणच ती." बिट्टीने डोळे उघडले. "एकही वास चुकला नाहीस. फक्त, आई, हे सगळे यावेत म्हणून लोक जन्मभर थांबतात. ही जिवंत आहे. चांगली धडधाकट आहे." आणि मग कामावर बोलावं तशा सरळ आवाजात, "दुसऱ्या नाकाने नमुना पास केला आहे. पटत नसेल तर पहिल्या नाकाने परत तपासायचं. असाच नियम आहे ना?"

"असाच आहे," मावशी म्हणाली.

सवयीने तिने मोरीजवळचं तसराळं ओढून घेतलं आणि मांडीवर ठेवलं. एक घोट तोंडात घेतला. घोळवला. आम्ही दोघी तिच्या गालांकडे बघत होतो. ती तसराळ्यावर वाकली. तशीच थांबली. आणि मग तिने मान वर केली, डोळे घट्ट मिटले आणि गिळलं.

तसराळं कोरडंच होतं.

"अजून आहे का?" तिने विचारलं. विचारल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने मोरीकडे बघितलं. बिट्टीने आपल्या ग्लासातलं अर्धं तिच्या ग्लासात ओतलं.

"मी त्याला पहिल्याच हुंगण्याला ओळखलं होतं," मावशी म्हणाली. "शुक्रवारी. म्हणून तर घाबरले. ओळखीचा वास आला की नापास, एवढंच शिकलेय मी. पाण्यात कोणी ओळखीचं भेटत नसतं गं."

बिट्टीने खुर्ची आईजवळ ओढली.

"तुझ्या बापाला बोट लागायची. जहाजावर नोकरी आणि समुद्र लागतो! सगळे हसायचे. कोणीतरी सांगितलं मिरी चघळ, तर हा खिशात मिऱ्या ठेवायचा. घरी आला तरी चघळायचा. सदरे धुतले तरी खिशातून मिऱ्या निघायच्या. तो फ्रेंच आचारी त्याला मिरीवालाच म्हणायचा, म्हणून तर त्याने ही निवडून दिली. मिरीवाल्याच्या पोरीला, म्हणाला." तिने ग्लास नाकाशी नेला. "मानेजवळ मिरी. हातांना इंजिनाचा धूर, कितीही घासा. आणि त्याची ती चामड्याची बॅग, पावसात भिजलेली, दारात टाकायचा तेव्हा... असाच. अगदी असाच यायचा वास. कधी सांगितलं नाही, कारण सांगायला तो आठवावा लागला असता, आणि आठवला की मला सकाळी कामावर दुसरा वासच येईना. मग मी ते आठवणंच बंद केलं. तुझं चुकलं नाही हं कधी. तुझा चहा चांगला व्हायचा. पहिल्यापासून चांगला व्हायचा."

बिट्टीने आपला ग्लास दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ नुसतं हुंगत राहिली. प्यायली नाही. तिचा चेहरा मला त्या स्टुलावरच्या पोरीसारखा दिसत होता, पण आता आई बोलत होती. इंजिनाबद्दल, बॅगेबद्दल, काका शिट्टी वाजवत जिना चढायचे त्याबद्दल. मावशीला एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि बऱ्याच गोष्टी मलाही नव्या होत्या. मधेच मी उठून सूप गरम केलं. मावशीने पहिला चमचा तोंडात घेतला आणि म्हणाली, "छान झालंय." बिट्टीने आईकडे न बघता मान हलवली आणि आणखी वाढलं.

जेवण झाल्यावर मी भांडी गोळा केली. त्या घरात खरकटी भांडी क्षणभर पडलेली चालत नाहीत, हे हाडीमाशी भिनलंय माझ्या. मावशीचा ग्लास रिकामा झाला होता, तळाला थोडा गाळ तेवढा चिकटलेला. मी तो उचलून नळाखाली धरायला गेले.

"तो ठेव," मावशी म्हणाली. "धुवू नको."

मी ग्लास तसाच तिच्या हातात दिला.

"उपडा घालू?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली, आणि तिने तो खिडकीत, धुतलेल्या बाटलीशेजारी सुलटा ठेवला.